काचेची नळी कुठाय?

आपल्यातले काही शहाणे भाषणात म्हणतात, लॅबवाला म्हणजे पांढरा कोट घातलेला झाडूवाला. बापानं गावाची घाण उचलली, पोरगा दवाखान्याची उचलतो. थुंकी, लघवी, संडास, रक्त. फरक काय पडला? या वाक्याला टाळ्या पडतात. मी नांदेडात ऐकलं, लातुरात ऐकलं. मी स्वतः पंधरा वर्षं लॅबच्या टेबलापाशी उभा हाय, म्हणून या टाळ्यांना उत्तर देतो. गोड लागणार नाही, आधीच सांगतो.

रक्त घाण असतं हे तुम्हाला कोणी शिकवलं? विटाळाचा हिशेब कोणाच्या पोथीत लिहिला होता? ती पोथी आपण महाडला १९२७ साली जाळली ना? मग तिच्यातला विटाळ आपल्याच व्यासपीठावर परत कसा काय बोलतो? झाडू हातात घेतला की माणूस हलका, स्टेथोस्कोप घेतला की भारी, ही उतरंड ज्यांची आहे त्यांनी सांभाळावी. आपण तिच्यात आपल्या पोरांना कोणत्या पायरीवर बसवायचं एवढंच भांडत बसलो तर झालं कल्याण.

आता मुद्द्याचं. रक्त गोठणं म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण जगणं-मरणं तिथं आहे.

घोणस चावली की तिचं विष रक्तात गोठण्याचं सगळं यंत्र एकदम चालू करतं. दहावा घटक, पाचवा घटक, सगळे धावतात. आत बारीक बारीक गुठळ्या होतात आणि गुठळीचा जो मालमसाला असतो, फायब्रिनोजेन, तो संपून जातो. मग उरलेलं रक्त पाण्यासारखं. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, दाताच्या जखमेतून थांबत नाही. पाठोपाठ मूत्रपिंड बसतं. फुरशाचंही जवळपास असंच. नाग-मण्यारीचं वेगळं, ते नसांवर जातात.

हे ओळखायला लाखाचं मशीन लागत नाही. स्वच्छ कोरडी काचेची नळी घ्यायची. शिरेतलं दोन मिली रक्त तिच्यात सोडायचं. वीस मिनिटं हात लावायचा नाही, हलवायचं नाही. वीस मिनिटांनी नळी तिरपी करायची. रक्त वाहिलं तर विष अंगात आहे, लस सुरू करा. बस. नळी काचेचीच पाहिजे, कारण काचेला लागूनच गोठण्याची पहिली कळ दाबली जाते. प्लास्टिकमध्ये धडधाकट माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही. साबणानं घासून पुन्हा वापरलेली नळीही चालत नाही, साबणाचा पापुद्रा राहतो आणि उत्तर खोटं येतं. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तीच परीक्षा. का? लस विष मारते, पण संपलेला माल लिव्हरला नव्यानं तयार करावा लागतो, त्याला तेवढे तास लागतात. लगेच पुन्हा तपासून काही कळत नाही.

एवढं सोपं आहे. आणि नेमकं एवढंच होत नाही.

साप कोणाला चावतो? बंगल्यावाल्याला चावतो का? उसाच्या फडात पहाटे कोयता घेऊन कोण शिरतं? पायात चप्पल नसताना रात्री मोटर चालू करायला सालगड्याशिवाय कोण जातं? कुडाच्या भिंतीला टेकून खाली कोण झोपतं? दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासातून २०२० साली निघालेला आकडा सांगतो की २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं मेली. वर्षाला अठ्ठावन्न हजार. दंगलीत एवढी मेली असती तर आयोग बसले असते. साप चावून मेलेल्याला आयोग नाही, कारण तो मजूर होता आणि त्याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची असते. जागतिक आरोग्य संघटनेला सर्पदंश हा दुर्लक्षितांचा रोग म्हणायला २०१७ उजाडलं. दिल्लीनं राष्ट्रीय कृती आराखडा काढला मार्च २०२४ मध्ये, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. आराखडा छापील आहे. छापील कागदात रक्त गोठतंय का बघता येत नाही.

जाता जाता एक. ती लस ज्या विषापासून बनते ते विष काढतं कोण? तामिळनाडूतले इरुळा आदिवासी. त्यांची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी सोसायटी १९७८ सालची. त्याच साली इकडे नामांतराच्या ठरावावरून आपल्या वस्त्या पेटवल्या जात होत्या आणि टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं जात होतं. अर्ध्या देशाला वाचवणारं विष ज्यांच्या हातातून येतं त्यांना पद्मश्री मिळायला २०२३ उजाडावं लागलं. त्यांच्या हाताला कोणी घाण म्हणतं का बघा.

एक गोष्ट डोळ्यांदेखत घडलेली सांगतो. कंधारकडची ऊसतोड बाई, वय पस्तीसच्या आत. एका दवाखान्यातून, नाव घेत नाही, चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर लिहिलेलं, रक्त गोठण्याचा वेळ चार मिनिटं, नॉर्मल. बोटाला टोचून केशनळीत बघितलेला वेळ तो. ती पद्धत असल्या कामाला भरवशाची नाही हे पुस्तकात छापलेलं आहे. चिठ्ठीच्या भरवशावर बाईला सात तास नुसतं सलाइन. मी काचेच्या नळीत रक्त सोडलं. वीस मिनिटं झाली, नळी वाकवली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. पी.टी. लावली. निरोगी माणसाला साधारण अकरा ते चौदा सेकंद लागतात. हिचं दोन मिनिटं झाली तरी गुठळी नाही. डॉक्टरांना धावत जाऊन सांगितलं, लसीच्या दहा बाटल्या लागल्या. बाई वाचली, पण नऊ दिवस डायलिसिसवर काढून. तिचा नवरा मला विचारत होता, "सायेब, पहिल्याच ठिकाणी का न्हाई कळलं वो?" काय सांगू त्याला? तिथल्या टेबलापाशी जो पोरगा बसला होता त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

तो पोरगा आपलाच. आडनावावरून कळलं.

आता त्या पोराला कोणी घडवलं ते ऐका. नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर, कुठंही बसस्टँडबाहेर उभे राहा. पाट्या वाचा. 'एक वर्षात डीएमएलटी, शंभर टक्के नोकरी.' दोन खोल्या, एक मोडका मायक्रोस्कोप, आणि भिंतीवर फोटो. फोटो कोणाचा ते सांगायची गरज नाही. बाबासाहेबांचा फोटो लावून आपल्याच पोरांना फसवणारे आपल्यातही आहेत, त्यांना साहेब साहेब म्हणून आपणच हार घालतो. कुठल्या तरी लांबच्या बोर्डाचं सर्टिफिकेट देतात. पोरगं शेळी विकून फी भरतं. वर्षभरात त्याला शिरेत सुई नीट घालता येत नाही. निळ्या झाकणाच्या नळीत नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण का पाळायचं ते ठाऊक नाही. अर्धीच नळी भरतो. सायट्रेट जास्त पडतं, वेळ खोटाच वाढतो, आणि लिव्हर बिघडलं म्हणून चांगल्या माणसाला घोर लागतो. मग खाजगी लॅबमध्ये महिन्याला मजुरापेक्षा कमी पैशात बारा तास.

मी स्वतः अशाच एका लॅबमध्ये होतो. रिपोर्टच्या कोऱ्या कागदांवर डॉक्टरसाहेबांची सही आधीच असायची. साहेब महिन्यातून एकदा दिसायचे, तेही पाकीट न्यायला. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच पाहिजे. माझा विरोध नाही. पण गावोगाव झालं काय? सह्या भाड्यानं मिळायला लागल्या. काम आमचं, सही त्यांची, पैसा मालकाचा, आणि चूक निघाली की पहिला घरी कोण जातो? गावकीत हेच होतं ना हो, काम एकाचं, बलुतं दुसऱ्याचं?

दुसरीकडं लातूर पॅटर्नचा बाजार. शाहू, दयानंदपासून सुरू झालेली ती नावाजलेली पद्धत, आता गल्लोगल्ली क्लास. आपला बाप जमीन असली तर गहाण टाकतो, नसली तर सावकार आहेच. पोरगं दोन-तीन वर्षं नीट नीट करतं. एमबीबीएस झालं तर मिरवणूक, नाही झालं तर आयुष्य फुकट गेलं म्हणून तोंड लपवतं. २०२४ ला नीटचा पेपर फुटल्याच्या तपासात धागा लातूरपर्यंत आला, शिक्षक पकडले गेले. २०२१ मध्ये आरोग्य खात्याच्या भरतीचा पेपर फुटला, त्यातही लातूरच्या उपसंचालक कार्यालयातला अधिकारी आत गेला. परीक्षा रद्द, नवी जाहिरात २०२३ ला. तोवर किती पोरांचं वय निघून गेलं, मोजलं कोणी? आपल्या कोणत्या संघटनेनं त्या दोन वर्षांसाठी रस्ता अडवला?

मी डॉक्टर होऊ नका म्हणत नाही. व्हा, शंभर व्हा. पण ज्याचे मार्क थोडे कमी पडले त्याला 'आता काय लॅबवाला होणार' म्हणून हिणवू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी आहे. रीतसर बीएस्सी एमएलटी आहे, पुढं एमएस्सी आहे. रक्तशास्त्र हा तर समुद्र आहे. हिमोफिलिया, सिकलसेल, रक्तपेढी, जिथं बघाल तिथं माणूस कमी. मुंबईत केईएमच्या आवारात १९५७ पासून रक्तावर संशोधन करणारी संस्था उभी आहे, तिथं आपली किती पोरं पोचली? सरकारी खात्यात आता या पदाला प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी म्हणतात. वैज्ञानिक आणि अधिकारी, दोन्ही शब्द आपल्याला सहज मिळालेले नाहीत. २०२१ ला संसदेनं कायदा केला, त्यात लॅबवाल्यांची नोंदणी, अभ्यासक्रमाचा दर्जा, सगळं आलं. राज्याची परावैद्यक परिषद आहे. मग प्रवेश घेण्याआधी एकच विचारा, 'साहेब, तुमची मान्यता कोणाची, नंबर काय?' जो चिडला त्याच्याकडं जाऊ नका.

कंत्राटाचा डाव तर ओळखलाच पाहिजे. ६ सप्टेंबर २०२३ ला सरकारनं बाहेरच्या एजन्स्यांकडून माणसं भरायचा निर्णय काढला. आरक्षणाचं काय, हा प्रश्न राज्यभर उठला, तेव्हा ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. मागं घेतला कारण पोरं रस्त्यावर आली. म्हणजे येता येतं.

त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं मेली, त्यात बारा नवजात लेकरं. देशभर गाजलं. मग हिंगोलीचा तेव्हाचा खासदार आला आणि त्यानं काय केलं? प्रभारी अधिष्ठात्याला संडास घासायला लावला, कॅमेऱ्यासमोर. अधिष्ठाता आदिवासी समाजातला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. वरची खुर्ची मिळाली तरी हातात झाडू कधी येईल सांगता येत नाही, हे आपल्या टाळीबाज वक्त्यांनी त्या दिवशी बघितलं असेल. आम्ही निषेध केला, तो केलाच पाहिजे होता. पण त्या रुग्णालयात रात्रपाळीला लॅबमध्ये माणसं किती, जागा मंजूर किती आणि भरलेल्या किती, हे विचारायला किती जण गेलो? पोस्टर सगळ्यांनी छापलं, माहितीचा अर्ज कोणी टाकला?

नामांतराचं उदाहरण देऊनच बोलतो, कारण तिथं दुखतं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आणि त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला नांदेड-लातूर-परभणीचं विद्यापीठच वेगळं निघालं. ज्या मातीनं नावासाठी रक्त दिलं तिच्या पोरांच्या मार्कशीटवर ते नाव आलंच नाही. त्या मार्कशीटवर आपली पोरं कोणता विषय घेऊन पास होतात, एवढं तरी आता आपल्या हातात आहे.

मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवरच्या दहा वर्षांच्या उपचारांचा अनुभव २००५ साली देशपातळीवरच्या वैद्यकीय मासिकात छापला. मुखेड! आपल्या नांदेड जिल्ह्यातला डोंगराळ तालुका, जिथं एसटी वेळेवर येत नाही. म्हणजे तालुक्याच्या गावात बसून हे काम होतं. मुंबई लागत नाही.

तर आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ग्रामीण रुग्णालयात जा. झुंडीनं नको, तिघं-चौघं जा, घोषणा देऊ नका. विचारा, साप चावल्याची लस किती बाटल्या आहे, तारीख काय. रात्री कोण असतं. वीस मिनिटांची परीक्षा इथं कोणाला येते. आणि काचेची नळी कुठाय, दाखवा. प्लास्टिकची दाखवली तर तिथंच लिहून घ्या, तारीख-वेळ टाकून, आणि मेडिकल ऑफिसरची पोच घ्या. पावसाळा लागायच्या आत हे झालं पाहिजे, कारण पेरणी सुरू झाली की पहिली बाई येते.