पडदा घरोघरी, पार कोठेच नाही

१८ जून २०२१ रोजी अमित मसुरकर यांनी दिग्दर्शित केलेला 'शेरनी' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. नरभक्षक ठरविली गेलेली एक वाघीण, तिला जिवंत पकडू पाहणारी वनाधिकारी, गुरे चारायला रान न उरलेले गावकरी आणि या पेचातही आपले राजकारण साधणारे पुढारी, असा त्याचा विषय आहे. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात मारल्या गेलेल्या 'अवनी' वाघिणीचे प्रकरण तो पाहताना अनेकांना आठवले. तेंदूपाने तोडायला किंवा मोहफुले वेचायला रानात शिरलेले माणूस सायंकाळी परतेलच अशी खात्री ज्या मुलखात देता येत नाही, त्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना इतका जवळचा चित्रपट क्वचितच निघाला असेल.

या चित्रपटावर शहरांतून पुष्कळ लिहिले व बोलले गेले. परंतु त्यातला वाघ खरा वाटला काय, वनखाते खरे वाटले काय, गावकऱ्यांच्या तोंडी घातलेले बोलणे आपले वाटले काय, हे सिंदेवाही, ब्रह्मपुरी किंवा चामोर्शीच्या माणसाने कोठे सांगावे? महासाथीच्या काळात तो चित्रपटगृहात आलाच नाही. ॲमेझॉनच्या वर्गणीदारांच्या पडद्यावर आला आणि ज्याने त्याने तो आपापल्या घरी पाहिला. मात्र सारा दोष महासाथीवर टाकून चालणार नाही. चित्रपट पाहण्याची साधने कधी नव्हती एवढी वाढत असताना चित्रपटाविषयी चारचौघांत बोलण्याच्या जागा एकामागून एक बंद पडत आहेत. ही घटना केवळ वनजिल्ह्यांपुरती नाही. पण तिची किंमत वनजिल्ह्यांना सर्वांत अधिक मोजावी लागत आहे.

तांदूळ आणि कोंडा

चर्चा ही वस्तू बाजारात स्वतंत्रपणे विकली जात नाही. ती नेहमी दुसऱ्या कोणत्या तरी व्यवहाराच्या पोटी निपजते. धानाच्या गिरणीत तांदळाबरोबर कोंडा निघतो, तसेच हे आहे. गिरणी चालते ती तांदळासाठी. कोंडा आपोआप मिळतो आणि गुरांचे पोट भरते. एकपडदा चित्रपटगृह तिकिटे विकण्यासाठी चालत असे. परंतु त्याच्या दारात, मध्यंतरात आणि खेळ सुटल्यावर पानठेल्यावर जे बोलणे होई, त्यात खाणकामगार, कारकून, विद्यार्थी व बाजाराला आलेला शेतकरी हे सारे एकाच चित्रपटाविषयी आणि एकाच वेळी बोलत. त्या बोलण्याचे मोल कोणी दिले नाही, आणि म्हणूनच ते कोणाच्या हिशेबातही आले नाही.

पुढे गिरणीचेच गणित बिघडले. दूरचित्रवाणी व व्हिडिओने पहिला घाव घातला. २००१ नंतर राज्य शासनाने नव्या बहुपडदा चित्रगृहांना करमणूक करात भरघोस सवलत दिली. जुन्या एकपडदा गृहांना त्या पंक्तीत स्थान नव्हते. रिळे जाऊन संगणकीय प्रक्षेपण आले, तेव्हा नवी यंत्रे घेण्याचा खर्च पुन्हा त्यांच्याच माथी आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होऊन करमणूक कराची जुनी व्यवस्था संपली, तोपर्यंत बहुतेकांचा कणा मोडला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला हे योग्यच झाले. परंतु दार बंद झाल्यावर दिलेली ही सवलत आहे.

गडचिरोलीची अडचण याहूनही मूलभूत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती आणि दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे राहत होती. महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. शंभरांतली सुमारे अकरा माणसे शहरी भागात राहत. सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर दूर. अशा विरळ वस्तीत रोज तीन खेळ चालविणारे चित्रपटगृह नफ्यात राहील, अशी अपेक्षा करणेच व्यर्थ होय. बाजार आपल्या नियमाने वागला. प्रश्न असा की, बाजार जेथे पोहोचत नाही तेथे दुसरे कोण पोहोचले?

मंडळींची चळवळ

पोहोचू शकली असती ती चित्रपट मंडळांची चळवळ. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदी मंडळींनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. तेथे चित्रपट पाहत आणि त्यांवर वाद घालत. आठ वर्षांनी त्याच रायांचा 'पथेर पांचाली' आला. चर्चेत घातलेला वेळ वाया जात नाही, तो पुढील निर्मितीचे भांडवल होतो, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही. १९५९ साली देशभरच्या अशा मंडळांचा महासंघ स्थापन झाला व राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले. तथापि या चळवळीचा भर महानगरांवर व मोठ्या शहरांवर राहिला. रिळांची ने-आण, प्रक्षेपकाचे भाडे आणि वर्गणी देणारा सुशिक्षित मध्यमवर्ग, या तीन पायांवर ती उभी होती. वनजिल्ह्यांत हे तिन्ही पाय लंगडे होते. आणि जेथे ती रुजली, तेथेही घरोघरी चित्रपट मिळू लागल्यावर सभासदत्वाचे मुख्य आकर्षण ओसरले. लोक चित्रपटासाठी येत आणि चर्चेसाठी थांबत. चित्रपट घरी आल्यावर चर्चेसाठी मुद्दाम कोण येणार?

बोलणाऱ्यांनी उभारले, मालकाने मोडले

इंटरनेटने या साऱ्यावर उतारा मिळाल्याचा भास निर्माण केला. अंतर नाही, भाडे नाही, वर्गणी नाही. भामरागडचा विद्यार्थी आणि बर्लिनचा प्राध्यापक एकाच फळ्यावर लिहू शकतील, अशी ती आशा होती. तिचे पुढे काय झाले, हे आयएमडीबी या जगद्विख्यात चित्रपटकोशाच्या इतिहासावरून दिसते. हा कोश १९९० साली जन्मला, तो एका चर्चागटातून. तेथे गप्पा मारणाऱ्या रसिकांनी नटांच्या व दिग्दर्शकांच्या याद्या हौसेने, एक पैसाही न घेता जमविल्या. त्यांतून कोश उभा राहिला. १९९८ मध्ये ॲमेझॉनने तो विकत घेतला. आणि २० फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच कोशातील चर्चाफलक कायमचे बंद करण्यात आले. वर्षानुवर्षांचे लेखन एका दिवसात त्या स्थळावरून नाहीसे झाले; काही हौशी मंडळींनी त्यातील बराच भाग अन्यत्र जतन केला म्हणून तो सर्वस्वी नष्ट झाला नाही, एवढेच.

येथे अर्थशास्त्राचा धडा स्पष्ट आहे. चर्चेने मालमत्ता निर्माण केली. मालमत्तेला मालक मिळाला. मालकाच्या हिशेबात चर्चा हा केवळ खर्च ठरला. ज्यांनी ती जागा आपल्या श्रमाने वसविली, त्यांचा तिच्यावर कोणताही हक्क नव्हता. ते कुळेही नव्हते, की त्यांना कूळकायद्याचे संरक्षण मिळावे. 'शेरनी' घरोघरी पोहोचविणारी कंपनी आणि हे फलक बंद करणाऱ्या कोशाची मालक कंपनी एकच आहे, हा योगायोग असेल. परंतु दाखविण्यात नफा असतो आणि बोलू देण्यात नसतो, हे सत्य त्या योगायोगाने उघड केले आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हे फलक बहुसंख्य वापरकर्त्यांना उपयुक्त राहिलेले नाहीत, असे कारण त्या वेळी देण्यात आले होते, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. नाव न सांगता लिहिण्याची मुभा असली की शिवीगाळ व द्वेष यांना ऊत येतो. देखरेख करायची तर माणसे नेमावी लागतात आणि त्यांचा पगार कोणी तरी द्यावा लागतो. शिवाय, चर्चा संपलेली नाही, ती मोबाइलवरील गटांत गेली आहे, असेही म्हटले जाते. तेही खरे. २०१६ नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाल्यापासून बोलणे वाढले आहे. परंतु नातेवाइकांच्या किंवा समविचारी मित्रांच्या बंद गटातले बोलणे आणि पारावरचे बोलणे यांत मोठा फरक आहे. पारावर अनोळखी माणूस येऊन बसू शकतो, विरोध करू शकतो. आणि दहा जणांनी ऐकलेले गावाच्या स्मरणात राहते. बंद गटातले बोलणे दुसऱ्या दिवशीच्या संदेशांखाली गाडले जाते.

जे टिकले ते का टिकले?

मग चर्चेची जागा टिकतच नाही काय? याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातच मिळते. दिवाळी संपली की देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा, गजबजते. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये तेथे उघडतात आणि गावोगावची मंडळे तारखा ठरवायला येतात. मंडई भरते, लेकी-जावई व पाहुणे येतात, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. त्याचे बरे-वाईट पुढे कित्येक दिवस गावात बोलले जाते, आणि कोणती कंपनी पुढल्या वर्षी बोलवायची हे त्या बोलण्यावरून ठरते. याच रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला. झाडीपट्टी मात्र मोडली नाही.

याचे कारण भावनेत नसून व्यवहारात आहे. येथे प्रयोग गाव स्वतः ठरवून घेते. ठरलेली रक्कम मंडळ देते, तिकीट मंडळ लावते, नफा झाला तर मंडळाचा आणि तोटा झाला तर तोही मंडळाचाच. ज्याने पैसा व प्रतिष्ठा पणाला लावली आहे, त्याच्या मताला वजन असते. झाडीपट्टीत सारेच उत्तम आहे असे नव्हे. उत्तान नाचगाण्याची लालूच तेथेही आहे. पण त्याबद्दल तक्रार करायची तर कोणाकडे करायची, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविणारे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्यामागील 'अभ्यासगट' या साध्या रीतीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नसतो, विषय समजून घ्यायचा असतो. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. निर्णयाचे ओझे नसल्यामुळे माणसे मोकळेपणी बोलतात, आणि मोकळेपणी बोलल्यामुळे पुढला निर्णय पक्का होतो. चर्चा हा फावल्या वेळचा उद्योग नसून कारभाराचा पाया आहे, हे या गोंड गावाने विद्यापीठांच्या आधी ओळखले.

करण्याजोगे

या दोन उदाहरणांतून धोरण निघू शकते. पहिली गोष्ट, चित्रपट चर्चेची जागा तेथील लोकांच्या मालकीची हवी. त्यासाठी नव्या इमारतींची गरज नाही. १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालये दोन्ही जिल्ह्यांत आहेत. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. महिन्याला एक चित्रपट, नंतर तासभर चर्चा आणि तिची वहीत नोंद, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. बोलणे मराठीत, झाडीबोलीत, गोंडी-माडियात वा तेलुगूत, ज्याला जसे येईल तसे व्हावे.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. घरच्या वर्गणीवर सार्वजनिक प्रयोग करता येत नाही. हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. लहान ग्रंथालय ती कोठून मिळविणार? येथे शासन मार्ग काढू शकते. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य शासन अर्थसाहाय्य देते. प्रदर्शनानंतर ठरावीक काळाने ग्रंथालये व महाविद्यालये यांना विनानफा प्रयोगाचा हक्क राहील, अशी अट त्या साहाय्याला जोडावी. जनतेच्या पैशाने जे उभे राहिले, ते जनतेने एकत्र बसून पाहावे यात कोणाचे नुकसान नाही.

हे सारे करमणुकीपुरते आहे असे समजू नये. मसुरकरांच्याच 'न्यूटन' (२०१७) मध्ये दंडकारण्यातले मतदान आहे. समृद्धी पोरे यांच्या 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' (२०१४) या चित्रपटात हेमलकसा आहे. जंगलाची चित्रे बाहेरची माणसे काढीत आहेत, आणि ती चित्रे पाहून देश या जिल्ह्यांविषयी मते बनवितो. ती मते पुढे धोरणांत उतरतात. चित्रे काढणाऱ्यांना कोणी अडवू नये. परंतु ज्याचे चित्र काढले त्याला, 'हे माझ्यासारखे दिसत नाही', असे चारचौघांत म्हणण्याची जागा हवी, आणि त्या जागेची किल्ली त्याच्याच हाती असली पाहिजे.