तरतं वाहन : त्याग की भीती?



चौदा नियम धारताना 'वाहन' या नियमाशी तुम्ही किती वेळ थांबता? मी गेली वीस-बावीस वर्षं सकाळचं सामायिक झालं की नियम धारते. सचित्त, द्रव्य, विगई इथे डोकं चालवावं लागतं, कारण दिवसभराचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणून मोजदाद करायची असते. वाहनाशी आलं की मात्र मी धावतच पुढे जायची. फिरतं वाहन इतकं मोकळं, चरतं त्याग, उडतं त्याग, तरतं त्याग. झालं. पुढचा नियम.

या पौषात मी तरत्या वाहनात बसून आले, आणि तेव्हापासून या नियमाशी माझी गाडी अडते आहे. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हाला जुन्नरला दोन दिवस पाठवलं. जुन्नर तालुका २०१८ साली सरकारने विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, तेव्हापासून तिकडे घरगुती राहण्याच्या सोयी वाढल्या आहेत. लेण्याद्री पाहायची, मानमोडीच्या डोंगरातली अंबा-अंबिका लेणी पाहायची आणि परत यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. त्या लेण्यांमध्ये नंतरच्या काळात कोरलेल्या आपल्या मूर्ती आहेत, नेमिनाथ भगवान आणि त्यांची शासनदेवी अंबिका. 'अंबिका' हे नाव त्यावरूनच पडलं. मुलीने मात्र तिसरी एक गोष्ट गुपचूप ठरवून टाकली होती : कुकडी नदीवर कयाक.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. एक किंवा दोन माणसांची. इंजिन नाही, शीड नाही. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आडवं धरायचं आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारत जायचं. ओझरच्या विघ्नहर गणपतीच्या मागे कुकडीचं जे विस्तीर्ण पाणी दिसतं ना, तो येडगाव धरणाचा फुगवटा. तिथून पुढे एका शांत कोपऱ्यात गावातली मुलं होड्या घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "मी काठावर बसते, तुम्ही जा." आणि लगेच जोडलं, "माझा तरत्या वाहनाचा त्याग आहे."

हे माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, "आज नियम धारलेस का? सकाळी गडबडीत तू सामायिकच केलं नाहीस."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला राग आला. पण रागाचं कारण वेगळं होतं. त्यांनी माझी चोरी पकडली होती. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी विहिरीच्या काठावरून आईने दंडाला धरून मागे ओढलं होतं, ते अजून अंगात आहे. वीस वर्षं मी त्या भीतीला 'त्याग' असं सुंदर नाव देऊन रोज सकाळी पुण्य जमा करत होते. जे मला नकोच होतं, ते सोडल्याचं श्रेय मी घेत होते. कारल्याची भाजी आवडत नाही म्हणून कारल्याचा त्याग करणाऱ्या बाईला आपण हसतो. माझं काय वेगळं होतं?

मी बसले. लाइफ जॅकेटचे पट्टे त्या मुलाने स्वतः ओढून पाहिले. मी पुढे, हे मागे. दोघांच्या कयाकमध्ये मागचा माणूस दिशा सांभाळतो आणि पुढचा ताल धरतो. हे आम्हाला सांगितलं होतं, पण कळलं नव्हतं. हे दुकानात बसल्यासारखे मागून सूचना देत होते, मी माझ्या मनाने वल्हं मारत होते, वल्ह्यावर वल्हं आपटत होतं आणि होडी जागच्या जागी गोल फिरत होती. शेवटी तो मुलगा बाजूला येऊन म्हणाला, "काका, तुम्ही बोलू नका. काकूंच्या पाठीकडे बघा आणि काकू जशा मारतील तसं मारा." सव्वीस वर्षांत ह्यांना असं सांगणारा पहिलाच भेटला!

तासाभराने वारा सुटला. पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि होडी काठच्या लव्हाळ्याकडे ढकलली जाऊ लागली. माझे हात थांबले. पाय थंड पडले. मागून हे काही बोलले नाहीत, फक्त नवकार म्हणू लागले, एका पदाला एक वल्हं. मीही त्यावर हात चालवू लागले. तिसऱ्या नवकारापर्यंत होडी सरळ झाली होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी फोटो पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "पाण्यात तुमचं काय काम होतं?"

हा प्रश्न साधा नाही. अनर्थदंड-विरमण व्रताचा अख्खा अर्थ त्यात आहे. कामासाठी होणारी हिंसा गृहस्थाला टळत नाही, पण बिनकामाची का ओढवून घ्यायची? पाण्याच्या एका थेंबात असंख्य अपकाय जीव आहेत, हे आपण पाठशाळेत शिकलो. मी तासभर त्यांना वल्ह्याने ढवळून आले, आणि तेही मौजेसाठी. याला पळवाट नाही आणि मी शोधणारही नाही. गावातल्या साध्वीजींपुढे आलोचना केली. त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त केलं.

पण सासूबाईंच्या प्रश्नाला जोडून माझा एक प्रश्न आहे, आणि तो मला आपल्या सगळ्यांना विचारायचा आहे. हाच प्रश्न आपण वॉटर पार्कच्या वेळी का विचारत नाही? लग्नाच्या रिसॉर्टवर पोरं दिवसभर पोहण्याच्या तलावात डुंबतात तेव्हा? गोव्याच्या मोठ्या बोटीवर सगळं कुटुंब नाचतं तेव्हा? तिथे डिझेल जळतं, पाणी ढवळलं जातं, रात्री जेवणं होतात, आणि आपण ग्रुपवर फोटो टाकतो. इंजिन नसलेल्या होडीत चाळिशी-पन्नाशीची बाई स्वतःच्या हातांनी वल्हं मारते तेव्हाच आपल्याला अपकाय आठवतात. मला वाटतं, तिथे आपण धर्माचं नाव घेऊन 'बाईला हे शोभत नाही' एवढंच म्हणत असतो.

आपल्या कथा तर पाण्याला घाबरत नाहीत. वर्षातून दोनदा ओळीत आपण श्रीपाळ-मयणाची कथा ऐकतो. धवलशेठ श्रीपाळाला समुद्रात ढकलतो, तो नवपदाचं ध्यान धरतो आणि मगरीच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागतो. ती ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण आमच्या महिला मंडळात मी परवा विचारलं, पोहता कोणाकोणाला येतं? चाळीस जणींत तीन हात वर आले. तिघीही माहेरी शेतावर वाढलेल्या. बाकीच्या सदतीस जणी तीर्थयात्रेला जातो तेव्हा नदी ओलांडतो, नावेत बसतो, नातवंडांना घेऊन तळ्याकाठी उभ्या राहतो. तेव्हा कुणी घसरलं तर आपण फक्त किंचाळणार. पाण्याचं भय अहिंसेने येत नाही. ते न शिकल्याने येतं.

दुसरी गोष्ट त्या पाण्यावर बसल्यावर कळली. येडगावात माणिकडोह आणि पिंपळगाव जोग्याचं पाणी येतं. आंबेगावच्या डिंभे धरणाचं पाणीही डाव्या कालव्याने इथेच येतं. पुढे आवर्तन सुटलं की ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतच्या शेतांना जातं. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ गाव त्याच पाण्याखाली गेलं. कुणाची घरं बुडाली तेव्हा कुणाच्या शेतात पाणी आलं. आपण घरी पाणी गाळतो, उकळतो, तीन वेळा मोजून वापरतो आणि दुसरीकडे शॉवर सोडून गाणी म्हणतो. त्या पाण्यावर तासभर हळू चालल्यावर मला घरचा नळ सोडताना हात आखडता घ्यावासा वाटतो. उपदेशाने एवढं झालं नव्हतं.

म्हणून माझं मत असं. यतना म्हणजे घरात बसणं नव्हे. जायचं तर डोळे उघडे ठेवून जायचं, आणि मर्यादा आधी ठरवून जायचं. माझ्या मर्यादा सांगते, तुम्ही तुमच्या ठरवा.

चातुर्मासात नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतरच. तेव्हा पाणीही शांत असतं, पूर नसतो. इंजिनची बोट नाही. होडीत खाणं नाही, पाण्यात काही टाकणं नाही, माशांना खाऊ घालणं नाही. नवकारसीनंतर निघायचं आणि वारा वाढायच्या आत काठाला यायचं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, फोटो चांगला येत नाही म्हणून ते काढायचं तर मुळीच नाही. होड्या चालवणाऱ्याला नोंदणी विचारायची. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती सांगितली आहे, तेव्हा विचारायला संकोच कशाला?

जेवणाची काळजी करू नका. घरमालकीणबाईंना आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, कांदा, लसूण, बटाटा नको आणि सूर्यास्ताआधी ताट हवं. त्यांनी तिकडची मासवडी वाढली. नाव ऐकून मी ताट मागे सारणार होते! ती नुसती बेसनाची असते. आमच्यासाठी सारणात कांदा-लसणाऐवजी तीळ-खोबरं वाढवलं होतं. सोबत नेलेले ठेपले तसेच परत आणले.

आणि आता माझ्या नियमांचं. तरत्या वाहनाचा मी पुन्हा त्याग घेतला आहे, वर्षातला एक दिवस सोडून. पण आता तो नियम म्हणताना डोळ्यांसमोर कुकडीचं सकाळचं पाणी येतं, हातांना वल्ह्याची आठवण येते आणि क्षणभर वाटतं, सूट दोन दिवसांची ठेवावी का? मग मी एकच दिवस म्हणते आणि पुढच्या नियमाकडे जाते. सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हं, आता सोडलंस खरं."

तुमच्या चौदा नियमांत असा एखादा भीतीने घेतलेला त्याग आहे का, ते एकदा बघा. मला जरूर कळवा.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.