वयाच्या भरवशावर औषध सोडू नका



ऊसनोंदीसाठी नायगाव भागात फिरताना घरची गाऱ्हाणीही आमच्या कानी पडतात. एखाद्या घरात कर्त्या माणसाला उधाण येतं : झोप नाही, अखंड बडबड, पहिली उचल हाती येताच बोअरवर बोअर. पुढं तोच माणूस महिना महिना अंथरूण सोडत नाही. या आजाराला बायपोलर म्हणतात. घरचे म्हणतात, "चाळिशी उलटली की आपोआप निवंल."

आम्हाला हे मान्य नाही. हा आजार बहुधा ऐन तरुणपणी सुरू होतो. वयाबरोबर काहींचं उधाण विरळ होतं, हे खरे. पण उदासी उतारवयातही गाठते. बरी गेलेली वर्षे पुष्कळदा औषधाची व वेळेवर झोपेची कमाई असतात. ऊस हिरवागार दिसला म्हणून भर उन्हाळ्यात कुणी पाणी तोडतं का?

लिथियमचा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवला. आजही ते दिलं जातं. एकदम बंद केल्यास आजार उलटतो. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावतं, तेव्हा रक्त तपासून मात्रा कमी करावी लागते. पण ती डॉक्टरांनी, घरच्यांनी नव्हे.

नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. लाज धरू नका. वयाची वाट पाहता पाहता जमीन जाते, कधी माणूसही जातो.

– ऊस विकास अधिकारी