चोर सोडून संन्याशाला

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात डॅलस शहराला लागून मेस्किट नावाचे गाव आहे. तेथे पेट्रोल पंप चालविणाऱ्या वासुदेव पटेल यांची ४ ऑक्टोबर २००१ रोजी गोळी घालून हत्या झाली. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून त्या दिवशी २३ दिवस झाले होते. मारेकऱ्याचे नाव मार्क स्ट्रोमन. पटेलांच्या आधी त्याने आणखी दोघांवर बंदूक चालविली होती. १५ सप्टेंबरला डॅलसमधील किराणा दुकानदार वकार हसन ठार झाले. २१ सप्टेंबरला रईस भुईयां या तरुणाच्या चेहऱ्यावर त्याने अगदी जवळून छर्ऱ्यांची बंदूक झाडली. ‘तू कुठला?’ एवढेच त्याने आधी विचारले होते, आणि उत्तरासाठी थांबण्याचीही गरज त्याला वाटली नाही. भुईयां वाचले, एका डोळ्याची दृष्टी मात्र कायमची गेली.

आपण अरबांचा सूड घेत आहोत, असे या मारेकऱ्याचे म्हणणे होते. प्रत्यक्षात हसन पाकिस्तानी, भुईयां बांगलादेशी आणि पटेल गुजराती हिंदू. विमाने पळविणाऱ्या १९ जणांपैकी १५ सौदी अरेबियाचे होते, उरलेले अमिराती, इजिप्त आणि लेबनॉनचे. स्ट्रोमनने हेरलेल्या तिघांत अरब एकही नव्हता. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही आपल्याकडची म्हण येथे शब्दश: खरी ठरली.

मात्र ही म्हण वापरताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात संन्यासी म्हणून फक्त पटेल उभे राहतात. त्याच सुमारास, १५ सप्टेंबरलाच, ॲरिझोनातील मेसा येथे आपल्या पेट्रोल पंपासमोर असलेल्या बलबीरसिंग सोधी या पगडीधारी शीख गृहस्थाची हत्या झाली. तेव्हापासून वृत्तपत्रांच्या भाषेत एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे: ‘चुकीच्या ओळखीचा बळी’. ‘मुसलमान समजून शिखाला मारले’, ‘अरब समजून हिंदूला मारले’, असे मथळे आपल्याकडेही छापून आले. छापणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्या वाक्याच्या पोटात काय दडले आहे? मारेकऱ्याची चूक एवढीच की त्याने माणूस ओळखण्यात घोटाळा केला! म्हणजे समोर खरोखरीच मुसलमान असता तर चूक झाली नसती? वकार हसन मुसलमान होते. त्यांच्या बाबतीत स्ट्रोमनची ‘ओळख’ निदान धर्मापुरती अचूक होती. म्हणून तो खून कमी काळा ठरतो काय? डॅलसमध्ये दुकान थाटण्यासाठी हे गृहस्थ न्यू जर्सीत बायको आणि चार मुली ठेवून त्याच वर्षी आले होते. मनोऱ्यांशी त्यांचा संबंध पटेलांइतकाच होता, म्हणजे काडीचाही नव्हता. संन्यासी मोजायचे तर तिघेही मोजले पाहिजेत.

हसन यांच्या कुटुंबाची पुढची कथा आपल्याकडे फारशी कोणी छापली नाही. त्यांच्या बायको-मुलींचा अमेरिकेतील मुक्काम हसन यांच्या अर्जावर अवलंबून होता. अर्जदारच मारला गेल्यावर अर्ज निकालात निघाला आणि या मायलेकींना देशाबाहेर जावे लागण्याची पाळी आली. नवरा गमावल्याबद्दल हद्दपारी! अखेर न्यू जर्सीचे प्रतिनिधी रश होल्ट यांनी केवळ या पाच जणींसाठी अमेरिकन काँग्रेसमध्ये विधेयक मांडले आणि २००४ साली ते संमत होऊन त्यांना तेथे राहता आले. कायद्याच्या राज्याची ही दोन्ही रूपे एकाच प्रकरणात दिसतात.

अमेरिकेला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की, मनोरे पडल्यावर सहाव्या दिवशी अध्यक्ष बुश स्वत: वॉशिंग्टनमधील इस्लामिक केंद्रात गेले आणि मुसलमान शेजाऱ्यांना त्रास देऊ नका, असे त्यांनी जनतेला बजावले. स्ट्रोमनला २००२ साली पटेलांच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. तरीही त्या वर्षीचे आकडे पुसता येत नाहीत. अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, मुसलमानांविरुद्धच्या द्वेषमूलक गुन्ह्यांच्या २००० साली २८ घटना नोंदविल्या होत्या; २००१ साली त्या ४८१ झाल्या. या नोंदीत हिंदू आणि शीख यांना स्वतंत्र रकाना नव्हता. तो २०१५ सालच्या नोंदींपासून मिळाला. ज्या देशाला आपले दु:ख मोजण्याचा रकाना उघडायला एवढी वर्षे लागली, तेथे गोळी झाडणारा धर्म विचारून झाडील, ही अपेक्षाच भाबडी आहे.

या अडाणीपणाचा इतिहास जुना आहे, आणि तो वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही. ४ सप्टेंबर १९०७ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम या गावी काही शे गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या भारतीय मजुरांना त्यांच्या खोल्यांतून ओढून काढले, मारहाण केली आणि गावाबाहेर हाकलले. हे मजूर बहुतेक पंजाबचे शीख होते. पण तेथील वृत्तपत्रांनी त्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हटले. त्या काळी त्या किनाऱ्यावर पगडीवाला शीख हिंदू होता, पंजाबी मुसलमानही हिंदूच होता, आणि ‘हिंदूंचे संकट’ हा तेथील राजकारणाचा खमंग विषय होता. १९२३ साली भगतसिंग थिंद या शिखाला नागरिकत्व नाकारताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा उल्लेख उच्चवर्णीय हिंदू असाच केला. १९८७ साली न्यू जर्सीत कुंकू-टिकलीवरून भारतीयांचा द्वेष करणाऱ्या टोळक्यांनी ‘डॉटबस्टर्स’ या नावाने धमक्या दिल्या. त्याच वातावरणात होबोकेन येथे नवरोज मोदी या तरुणाला बेदम मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. नवरोज मोदी पारशी होता!

म्हणजे १९०७ साली शीख ‘हिंदू’ म्हणून झोडपला गेला, १९८७ साली हिंदुद्वेषाच्या लाटेत पारशी मारला गेला आणि २००१ साली हिंदू ‘अरब’ म्हणून मेला. लेबल बदलले, ते चिकटविणाऱ्याची नजर तीच राहिली. त्या नजरेला सावळा रंग, दाढी, पगडी, परके नाव एवढेच दिसते. आज लेबल दुसऱ्याच्या कपाळी आहे म्हणून ज्यांना हायसे वाटते, त्यांनी बेलिंगहॅमचे ते पान उघडावे.

ही नजर घडविण्यात हॉलिवूडचा वाटा मोठा आहे. जॅक शाहीन या अमेरिकन प्राध्यापकाने नऊशेहून अधिक चित्रपट तपासून २००१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पडद्यावरचा अरब बहुतेक वेळा लंपट शेख, मूर्ख धनिक किंवा बॉम्बवाला असतो, हे त्यांनी चित्रपटागणिक दाखवून दिले. आपल्या वाचकांना हे पटायला जड जाऊ नये. याच कारखान्याने १९८४ साली ‘इंडियाना जोन्स’च्या चित्रपटात भारतीय राजवाड्यातील मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला होता आणि कालीमातेच्या नावाने माणसाचे काळीज उपटून दाखविले होते. तेव्हा आपल्याला संताप आला, तो योग्यच होता. अरबाला येणारा संताप वेगळ्या धातूचा असतो, असे मानायला कारण नाही.

पूर्वग्रह डोक्यात असला की पोलिसांपासून पत्रकारांपर्यंत सारे कसे आंधळे होतात, याचे उदाहरण ओक्लाहोमाचे. १९ एप्रिल १९९५ रोजी तेथील सरकारी इमारतीत स्फोट होऊन १६८ माणसे मेली. पहिल्या काही तासांत दूरचित्रवाणीवरील जाणकार मध्यपूर्वेकडे बोट दाखवू लागले. नातेवाइकांना भेटण्यासाठी जॉर्डनला निघालेल्या एका अरब-अमेरिकन नागरिकाला लंडनमध्ये अडवून परत पाठविण्यात आले. स्फोट घडविणारा निघाला टिमथी मॅकव्हे, गोरा, ख्रिस्ती घरात वाढलेला, इराकच्या युद्धात पदक मिळविलेला माजी सैनिक. पुढे सोळा वर्षांनी, २२ जुलै २०११ रोजी, नॉर्वेत ७७ जणांचे बळी गेले तेव्हाही सुरुवातीला जिहादींचेच नाव पुढे आले. खुनी होता ब्रेव्हिक हा नॉर्वेजियनच, मुसलमानांचा कट्टर द्वेष्टा; आणि मारली त्याने बहुतांशी आपल्याच देशातली पोरेसोरे. या इसमाच्या लांबलचक जाहीरनाम्यात भारतातील हिंदुत्ववादी चळवळीचा उल्लेख संभाव्य सहकारी म्हणून होता. हा उल्लेख झटकून बाजूला सारण्यासारखा नाही. न मागता मिळालेली असली मैत्री जाहीरपणे नाकारलीच पाहिजे. ज्याच्या बंदुकीला शिबिरात जमलेली मुलेही चालतात, त्याला वासुदेव पटेल कोण आणि वकार हसन कोण, याचे सोयरसुतक कधीच नसते.

आता डॉ. महंमद हनीफ यांचे प्रकरण. ऑस्ट्रेलियात नोकरी करणाऱ्या कर्नाटकच्या या डॉक्टरला २ जुलै २००७ रोजी ब्रिस्बेन विमानतळावर अटक झाली. नुकत्याच जन्मलेल्या मुलीला पाहण्यासाठी तो बंगळूरला निघाला होता. दोनच दिवसांपूर्वी ग्लासगो विमानतळावर पेटती जीप घुसविणारा कफील अहमद हा त्याचा नातलग. कफीलच्या भावाला हनीफने इंग्लंड सोडताना आपले मोबाइलचे सिम कार्ड दिले होते. ते कार्ड जळत्या जीपमध्ये सापडले, असे न्यायालयात सांगण्यात आले. वस्तुत: ते शेकडो किलोमीटर दूर, लिव्हरपूलमध्ये, त्या भावाकडे होते. आरोप न ठेवता १२ दिवस कोठडी, मग आरोप. न्यायालयाने जामीन दिला त्याच दिवशी सरकारने व्हिसा रद्द केला. २७ जुलैला आरोप मागे घेण्यात आला, २००८ साली क्लार्क चौकशी अहवालाने त्याला निर्दोष ठरविले आणि २०१० साली त्याला नुकसानभरपाई मिळाली.

त्या वेळी हनीफच्या कुटुंबाचे हाल पाहून आपल्याला झोप लागली नाही, असे पंतप्रधान मनमोहनसिंग म्हणाले होते आणि आपल्याकडे त्या उद्गाराची यथेच्छ खिल्ली उडविली गेली. काश्मिरी पंडितांसाठी किती रात्री जागविल्या, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो गैरवाजवी नव्हता. पण पंतप्रधानांची झोप हा एक विषय आणि हनीफचे सिम कार्ड हा दुसरा. पहिल्यावर कितीही टोले हाणले तरी दुसऱ्यातील असत्य खरे होत नाही. परक्या देशात एका भारतीय नागरिकाविरुद्ध न्यायालयात खोटी माहिती मांडली गेली, एवढे तरी स्वदेशाभिमान्यांना खटकायलाच हवे होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो येणे स्वाभाविक आहे. न्यूयॉर्क, लंडन, माद्रिद, आणि २००८ सालची आपली मुंबई येथे रक्त कोणी सांडले? ‘दहशतवादाला धर्म नसतो’ या पोपटपंचीवर आमचाही विश्वास नाही. जिहादी दहशतवादामागे एक विचारप्रणाली आहे, तिला पैसा आणि आसरा पुरविणारी सरकारे आहेत, आणि तिची चिकित्सा कोणाचीही भीड न ठेवता झाली पाहिजे. पाश्चात्त्य विद्यापीठांतील काही मंडळी अशा चिकित्सेलाही ‘इस्लामद्वेष’ ठरवितात, हेही खरे. पण ही चिकित्सा ज्याला करायची आहे त्याने किराणा दुकानदार आणि अतिरेकी यांत फरक करायला शिकलेच पाहिजे, नाही तर त्याच्या बोलण्याला किंमत उरत नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये शुक्रवारच्या नमाजाला जमलेल्या ५१ जणांना एका ऑस्ट्रेलियनाने मारले. त्यांत पाच भारतीय होते. यातून जिहादी विचारप्रणालीचा एक केसही वाकडा झाला नाही. उलट, पाश्चात्त्य जग आपल्या मुळावर उठले आहे, असे तरुणांच्या कानात सांगत फिरणाऱ्या भरती-दलालांना आयताच पुरावा मिळाला.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपुढे एक मोह उभा राहतो. दुकानात, विमानतळावर, शाळेत कोणी वाकडे बोलले की ‘आम्ही ते नव्हे हो’ असे सांगून मोकळे व्हावे. एकट्यादुकट्याने जिवाच्या भीतीने असे म्हटले तर त्याला दोष देणार नाही. पण समाजाने हेच आपले धोरण ठरविले, तर मारणाऱ्याच्या हातात आपणच यादी दिल्यासारखे होते. शिखांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत टोकदार होता, कारण पगडीमुळे त्यांना सर्वांत जास्त सोसावे लागले. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात सहा जण मारले गेले. जखमी झालेल्या सातव्याने २०२० साली प्राण सोडला. तरीही अमेरिकेतील शीख संघटनांनी आपली ओळख समजावून देताना ‘आम्ही मुसलमान नाही’ यावर भर देण्याचे बहुधा टाळले आणि निरपराधाला हात लावू नका, हीच मागणी लावून धरली.

रईस भुईयांनी तर यापुढचे पाऊल टाकले. २००९ साली ते हजला जाऊन आले आणि परतल्यावर स्ट्रोमनची फाशी रद्द व्हावी म्हणून त्यांनी मोहीम उभारली, टेक्सास सरकारविरुद्ध न्यायालयातही गेले. ते हरले, २० जुलै २०११ रोजी फाशीची अंमलबजावणी झाली. फाशी योग्य होती असे मानणाऱ्यांत आम्ही आहोत. पटेलांच्या घरच्यांना न्याय मिळायलाच हवा होता. पण एक डोळा गमावलेला माणूस आपल्या मारेकऱ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवितो, हे दृश्य हॉलिवूडच्या कोणत्याही साच्यात बसत नाही, म्हणून ते येथे नोंदविले.

२२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातील ओलेथ येथे हैदराबादकडचे अभियंते श्रीनिवास कुचिभोतला यांना एका गोऱ्या माणसाने उपाहारगृहात गोळ्या घातल्या. त्यांचे सहकारी आलोक मदसानी जखमी झाले. पळून गेल्यावर दुसऱ्या गावच्या उपाहारगृहात आपण इराणी माणसांना मारले, असे या खुन्याने सांगितले. त्या गोळीबारात इयन ग्रिलट नावाचा एक तरुण अमेरिकन त्याला पकडण्यासाठी धावला आणि स्वत:च्या अंगावर गोळी झेलून बसला. समोरचे दोघे इराणी की हिंदू, हे त्याने विचारले नव्हते. पुढे ह्यूस्टन येथील भारतीयांनी ‘इंडिया हाउस’मध्ये त्याचा सत्कार केला आणि घर घेण्यासाठी त्याला एक लाख डॉलर दिले.