चेटकाचे वेळापत्रक आणि साधनेची दिनचर्या

चाकणजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून राबणारा एक तरुण काही दिवसांपूर्वी भेटावयास आला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला, खराबवाडीत चौघांत मिळून एका खोलीत राहणारा, आठवड्यागणिक पाळी बदलणारा. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि अगदी निरागसपणे विचारले, "काका, दुसरी पाळी असली की खोलीवर यायलाच साडेबारा-एक वाजतो. मग मध्यरात्रीचा जप कसा बसवायचा?"

कागद पाहिला आणि क्षणभर सुन्न झालो. एकेचाळीस दिवसांत करणी परतवण्याची विद्या शिकण्याचे ते वेळापत्रक होते. मध्यरात्री अमुक इतक्या माळा, अमावास्येला स्मशानातील विधी, मीठ वर्ज्य, कोणाशी बोलणे वर्ज्य, घरच्यांना सांगणे तर पूर्णतः वर्ज्य. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ आणि पुन्हा दक्षिणा. ती दक्षिणा त्याच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होती. हळूहळू उलगडा झाला. गावी आई दोन वर्षे आजारी होती. सख्ख्या चुलतीने करणी केली, असे कोणीतरी भरवले होते. आणि आईला वाचवायचे तर स्वतःच ती विद्या शिकली पाहिजे, अशी त्याची ठाम समजूत झाली होती.

या प्रसंगावर हसणे सोपे आहे. 'अडाणी' म्हणून मोकळे होणे तर त्याहून सोपे. पण हा मुलगा अडाणी नव्हे. त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आहे. आळशीही नव्हे, आठ तास उभे राहून काम केल्यानंतर रात्री जागून नेमाने काही शिकण्याची त्याची सिद्धता आहे. मातृभक्ती आहे, चिकाटी आहे, नियमाला बांधून घेण्याची वृत्ती आहे. साधकाला लागणारे सारे गुण आहेत. चुकले आहे ते केवळ गुरूचे घर. आणि ते चुकले याचे कारण, योग्य घराचा दरवाजा त्याला आपण कधी दाखवलाच नाही.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पवनेच्या काठची गावे पाहता पाहता उद्योगनगरीत बदलत गेली. पुढे ही औद्योगिक पट्टी भोसरीकडून चाकणपर्यंत पसरली. यंत्रे आली तशी माणसेही आली; मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आली, बिहार-उत्तर प्रदेशातून आली. गावी संकट आले तर धावून जायला भावकी असते, पारावर बसलेले चार जाणते असतात, सप्ताह असतो, भजनी मंडळ असते. येथे खोली असते, पाळी असते आणि हातात मोबाइल असतो. अकरा महिन्यांनी काम राहील की जाईल, याचा भरवसा नसतो. अशा एकाकी मनापर्यंत सर्वांत आधी कोण पोहोचतो? बसथांब्यावर, विजेच्या खांबावर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर वशीकरणाची, शत्रुनाशाची हमी देणारा भोंदू पोहोचतो. आपण मात्र पोहोचत नाही.

यावर काही मंडळी लगेच म्हणतील की हा सारा हिंदू धर्माचाच दोष. तर आमच्यातले काही म्हणतील की हे सारे थोतांड, परंपरेत असले काही नव्हतेच. दोन्ही म्हणणी सत्याला धरून नाहीत. अथर्ववेदात कृत्या परतवण्याची सूक्ते आहेत, अभिचाराचे उल्लेख आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. मानवी मनातले भय हजारो वर्षांपूर्वीही होते. प्रश्न असा आहे की आपल्या परंपरेने या विद्येला स्थान कोणते दिले? स्मृतिकारांनी अभिचाराची गणना उपपातकांत केली. कौटिल्य तर याहून रोखठोक. मंत्रतंत्राने वशीकरण करून देतो म्हणणाऱ्याकडे राजाने हेर पाठवावा. हेराने 'अमक्याची स्त्री मला वश करून दे, हे घे पैसे' असे सांगावे. आणि तो तयार झाला की त्यास देशाबाहेर घालवावे, असे अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात सांगितले आहे. कृत्या-अभिचार करणाऱ्यांनाही तोच न्याय. आजच्या पोलिसांच्या सापळ्याची ही पद्धत दोन सहस्र वर्षांइतकी जुनी आहे, हे आमच्या किती वाचकांना ठाऊक असेल?

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी श्रद्धेचे तीन प्रकार सांगितले. सात्त्विक जन देवतांना भजतात, राजस यक्ष-राक्षसांना आणि तामस जन भूतप्रेतांना. स्वतःच्या देहाला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तेथे तामस तपच म्हटले आहे. श्रद्धा आहे, तप आहे, कष्टही आहेत. तरीही ते तामस. म्हणजे नुसता नेम पुरेसा नाही. नेम कशासाठी, यावर त्याचे मोल ठरते. आणि समर्थांनी तर दासबोधाच्या पाचव्या दशकात, गुरुलक्षणाच्या समासात, चेटके, साबरी मंत्र, कौटाल यांची नावे घेऊन यादीच दिली आहे. असे शिकवणाऱ्यालाही लोक गुरू म्हणतात, पण तो सद्गुरू नव्हे, हा त्यांचा निर्वाळा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी दिलेला हा इशारा आम्ही घरोघरी पोथीत बांधून ठेवला आणि चाकणच्या खोलीवरचा मुलगा मात्र त्याच यादीतल्या माणसाच्या हाती दिला!

वास्तविक या भूमीइतके उत्तर कोणत्या भूमीजवळ आहे? चाकणहून थोड्याच अंतरावर आळंदी आहे. योगबळाने सिद्धी मिळवलेले चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आले आणि ज्ञानदेवांनी भावंडांसह बसल्या भिंतीला चालवून त्यांचे स्वागत केले, ही कथा आपण बालपणापासून ऐकतो. पण कथेचा शेवट चमत्काराच्या स्पर्धेत होत नाही. त्यातून उरतात त्या पासष्ट ओव्या. म्हणजे सिद्धी बाजूला राहते आणि बोध उरतो. पतंजलींनीही योगसूत्रांत विभूतींचे वर्णन करून पुढे स्पष्ट सांगितले की या सिद्धी समाधीच्या मार्गातील विघ्ने होत. अभ्यासाची त्यांची व्याख्या तर प्रत्येक कामगाराने भिंतीवर लावावी अशी आहे. दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केलेला तोच अभ्यास दृढ होतो. एकेचाळीस दिवसांची हमी तेथे नाही.

देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांनी एकांत साधला तो कोणाला वश करण्यासाठी नव्हे. पूर्वसूरी संतांची वचने त्यांनी श्रद्धेने पाठ केली. ते त्यांचे पाठांतर पुढे साऱ्या महाराष्ट्राचे झाले. चिंचवडला पवनेच्या तीरावर मोरया गोसावींची समाधी आहे. त्यांचे नाव निघते ते थेऊरच्या अनुष्ठानाने आणि मोरगावच्या नेमाच्या वारीने. ही सारी उदाहरणे चमत्काराची नाहीत, सातत्याची आहेत.

'तंत्र' या शब्दाचाच विचार करू. 'तन्' म्हणजे ताणणे, विस्तारणे. मागावर ताणलेल्या धाग्यांनाही तंत्र म्हणतात. शिस्तीने, क्रमाने विणलेली रचना ते तंत्र. म्हणूनच तंत्रज्ञान, म्हणूनच तंत्रनिकेतन. आमच्या या मित्राने फिटरचे काम शिकताना पहिले काही महिने काय केले? लोखंडाच्या तुकड्यावर कानस चालवली. हाताला फोड आले, काटकोन जुळेना, निदेशक पुन्हा करायला लावत. पण कोणत्याही निदेशकाने त्याला 'घरी सांगू नकोस' असे बजावले नाही. जे शिकवले ते उजेडात, सर्वांसमोर, मोजून पाहता येईल असे. खऱ्या आणि खोट्या विद्येतला भेद एवढाच आहे. खरी विद्या उजेडात शिकवली जाते, खोटी गुप्ततेची अट घालते. खरी विद्या भय घालवते, खोटी भय वाढवून त्यावर जगते. खऱ्या विद्येत चूक झाली तर सुधारायला मिळते. खोट्या विद्येत चुकीचा दंड भरावा लागतो. आणि खरी विद्या कोणाच्या चुलतीला शत्रू ठरवत नाही.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात 'डाकीण', 'भुताळी' ठरवून स्त्रियांना मारहाण झाली, गावाबाहेर काढले गेले, जीवही घेतले गेले. 'करणी' हा शब्द उच्चारला की त्याच्यामागोमाग 'करणी करणारी' शोधली जाते आणि ती बहुधा एखादी एकाकी, विधवा किंवा भावकीत नकोशी झालेली स्त्रीच निघते. मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्या समाजाला हे शोभते काय?

जादूटोणाविरोधी कायद्यावरून आपल्याकडे पुष्कळ वादळ उठले. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. डॉक्टरांच्या मतांशी आमचे मतभेद होते. परंतु मताला उत्तर मतानेच द्यावयाचे असते, आणि ती हत्या हा महाराष्ट्राला लागलेला कलंक आहे. कायद्याने वारकऱ्यांच्या व उपासकांच्या श्रद्धेवर घाला येईल, ही शंका तेव्हा अनेकांच्या मनात होती आणि ती प्रामाणिक होती. म्हणूनच कायदा मुळातून वाचला पाहिजे. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, एवढेच नव्हे तर प्राचीन व पारंपरिक विद्या आणि कला यांचे शिक्षण, आचरण व प्रसार यांना त्याने स्पष्टपणे वगळले आहे. अमकी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे असह्य करणाऱ्याला मात्र किमान ६ महिने ते ७ वर्षांपर्यंत कारावास आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. यात धर्मविरोधी काय आहे? हे तर कौटिल्याचेच शासन नव्या भाषेत आले.

पण कायदा दार बंद करू शकतो. दुसरे दार उघडणे हे समाजाचे काम आहे. भोंदूने त्या मुलाला वेळापत्रक दिले. आपण कोणते देणार?

त्या दिवशी आम्ही दोघांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक दिनचर्या लिहिली. पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून नेम घड्याळाला न बांधता जागे होण्याला बांधला. उठल्यावर, मग पहाटेचे पाच असोत की सकाळचे दहा, आधी बारा सूर्यनमस्कार. त्यानंतर दासबोधाचा एक समास किंवा ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या. अर्थ कळेपर्यंत पुढे जायचे नाही. कामावर निघण्यापूर्वी अर्धा तास आपल्या कामातील पुढची पायरी शिकण्याचा. रात्रपाळीच्या आठवड्यात निम्मे करायचे, पण खंड पाडायचा नाही. झोपेवर मात्र घाला घालायचा नाही. आहार, विहार, निद्रा आणि जागरण यांत युक्तता हवी, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलेच आहे. अपुऱ्या झोपेत यंत्रावर उभा राहणारा माणूस बोटे गमावतो. आणि आठवड्यातून एकदा आईला फोन, शिवाय चुलतीलाही.

हे एका मुलापुरते झाले. या पट्ट्यातील प्रत्येक देवळाच्या सभामंडपात, प्रत्येक गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत, प्रत्येक शाखेच्या संपर्कात असा एक तास का असू नये? चिंचवडमध्ये क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने २००६ साली सुरू केलेले पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् उभे आहे. ज्यांच्या कपाळी इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांची मुले तेथे शालेय शिक्षणाबरोबर पारंपरिक कला-कौशल्ये शिकतात. गिरीश प्रभुणे यांना या कार्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. परंपरेतली विद्या उजेडात, नेमाने आणि निर्भयपणे शिकवता येते, याचा हा आपल्या अंगणातला दाखला. खोल्याखोल्यांत राहणाऱ्या तरुण कामगारांसाठी त्याच्या शतांशाने तरी काही उभे करणे आपल्याला अशक्य आहे काय?

तो मुलगा रजा काढून गावी गेला आणि आईला तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन गेला. आजाराला नाव मिळाले, औषध सुरू झाले. चुलतीशी असलेला अबोला अद्याप पुरता सुटलेला नाही. मनात रुजलेला संशय एका औषधाने जात नाही. मात्र तो दक्षिणा द्यायला गेला नाही आणि समास वाचतो आहे.

'तंत्र' या शब्दातूनच आपल्याला 'स्वतंत्र' हा शब्द मिळाला. ज्याचे तंत्र स्वतःच्या हाती तो स्वतंत्र, ज्याचे दुसऱ्याच्या हाती तो परतंत्र. चापेकर बंधूंच्या चिंचवडला स्वातंत्र्याचा अर्थ नव्याने सांगावा लागू नये. तरीही मध्यरात्री भयाने माळ ओढणारा एकेक तरुण आपल्या शेजारच्या खोलीत परतंत्र होत असेल, तर त्याचे दार ठोठावणे हे आपलेच काम आहे.