जन्मदाखला विमानाचा

ओहायो राज्याच्या २०२१ मधल्या नंबरप्लेटवर हसून झाले असेल, तर ती पुन्हा एकदा सावकाश पाहावी. एवढी करमणूक एका नजरेत संपवणे बरे नव्हे. उगवता सूर्य, गव्हाचे शेत, नदी, झाडाला टांगलेला झोका, मागे शहराच्या उंच इमारती आणि या सगळ्यांवर राइट बंधूंचे विमान. त्याला बांधलेल्या पट्टीवर 'विमानविद्येचे जन्मस्थान' अशी घोषणा. फक्त ती पट्टी विमानाच्या तोंडाला बांधलेली. म्हणजे विमान एकतर पट्टीला ढकलत होते किंवा उलट्या पावली उडत होते. राज्यपालांच्या हस्ते अनावरण झाले आणि लोकांनी बोट दाखवले तेव्हा सुमारे ३५ हजार प्लेट छापून तयार होत्या. जन्मदाखला देणाऱ्यालाच बाळाचे डोके कुठे आणि पाय कुठे हे ठाऊक नसावे!

चित्रकाराच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. आजच्या विमानाची ती आडवी छोटी पंखी शेपटीला असते. राइट बंधूंनी ती पुढे लावली होती. ऑटो लिलिएन्थाल १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून गेला, त्याचा धसका दोघांनी घेतला होता. पंखी पुढे असली तर यंत्र नाकावर आपटणार नाही, असा त्यांचा हिशेब. ढकलणारे पंखे मागे आणि त्यांना फिरवणाऱ्या साखळ्या सायकलच्या जातीच्या. हे सगळे माहीत नसलेला माणूस पुढच्या पंखीला शेपूट समजणारच. पण मग त्याने जन्मस्थानाचा दावा तरी जरा हलक्या आवाजात करावा.

नॉर्थ कॅरोलायनाला अर्थातच आनंदाचे भरते आले. 'उड्डाणात प्रथम' हे त्या राज्याच्या नंबरप्लेटवर १९८२ पासून आहे. ओहायोवाल्यांना बिचाऱ्यांना कसे कळणार, ते तिथे नव्हतेच, असा टोमणा तिथल्या परिवहन खात्याने मारला. टोमणा झकास आहे. पण १७ डिसेंबर १९०३ च्या त्या पराक्रमात नॉर्थ कॅरोलायनाचा हिस्सा म्हणजे मुख्यतः जोराचा वारा आणि मऊ वाळू. (तेही किटी हॉकचे नव्हे, उड्डाण झाले तिथून चार मैलांवरच्या किल डेव्हिल हिल्सला.) ओहायोचा हिस्सा डेटनमधले सायकलचे दुकान. थोरला विल्बर तर जन्मला इंडियानात. इंडियानाला अजून नंबरप्लेट बदलण्याची बुद्धी झालेली नाही, हे नशीब.

हे निदान वाळूवरून भांडतात. कनेक्टिकटने २०१३ मध्ये थेट कायदाच केला. विमान पहिल्यांदा उडवले ते आमच्या ब्रिजपोर्टच्या गुस्ताव्ह व्हाइटहेडने, १९०१ मध्ये, असे विधिमंडळाने ठरवून टाकले. उड्डाणाचे छायाचित्र नाही, यंत्र शिल्लक नाही; बहुमत मात्र होते. त्याच विधेयकात 'बॉलरूम पोल्का' ही राज्याची अधिकृत पोल्का धूनही मुक्रर झाली. इतिहास आणि बँडबाजा एकाच मतदानात उरकले. विधिमंडळाचा वेळ असा वाचवावा.

स्मिथ्सोनियन या संग्रहालय-संस्थेची तऱ्हा आणखी निराळी. राइट बंधूंच्या वारसांशी १९४८ मध्ये झालेल्या करारानुसार त्या संस्थेला १९०३ च्या यंत्राआधी दुसरे कोणतेही विमान माणसाला घेऊन नियंत्रित उडण्यास समर्थ होते असे म्हणता येत नाही. म्हटले तर तिच्याकडे ठेवलेले राइटांचे विमान परत द्यावे लागेल. व्हाइटहेडच्या भक्तांना यात कट दिसतो. त्यांनी करारामागची कथा वाचावी. संस्थेचे माजी प्रमुख लँगली यांचे यंत्र राइटांच्या नऊ दिवस आधी पोटोमॅक नदीत पडले होते. तेच यंत्र १९१४ मध्ये ग्लेन कर्टिसकडून बरेच बदलून घेऊन संस्थेने पाण्यावरून जेमतेम उडवले आणि 'उडण्यास समर्थ असलेले पहिले' अशी पाटी लावून मिरवले. कर्टिसचा तेव्हा राइटांशी पेटंटवरून खटला चालू होता, हा योगायोग समजावा! ऑर्व्हिल इतका चिडला की १९२८ मध्ये त्याने आपले विमान लंडनला धाडले. संस्थेने चूक कबूल केली ती १९४२ मध्ये. ज्याने एकदा खोटी पाटी लावली, त्याच्याकडून पुढच्या पाटीबद्दल लिहून घेतले, तर त्यात कट कसला?

आपण हसताना जरा जपून हसावे. गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये विमान उडवल्याची कथा आपल्याकडे चित्रपटापर्यंत पोहोचली. त्या काळचा धड पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही. तळपदे जिज्ञासू, खटपटे गृहस्थ होते. त्यांच्या खटपटीचा आदर करायला त्यांना चौपाटीवरून उडवलेच पाहिजे असे नाही.

उडण्याचे श्रेय राइटांचेच, कारण त्यांचे यंत्र नुसते उडले नाही, ते वळवता येत होते. बाकीच्यांनी उडी मारली. पण आमची तक्रार वेगळीच आहे. मोटारींची इंजिने करणाऱ्यांकडून हवे तसे हलके इंजिन मिळेना, तेव्हा दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने लेथ आणि ड्रिलवर, कागदाच्या तुकड्यांवरील आकृत्या पाहून, सहा आठवड्यांत ते घडवले. चार सिलिंडर, सुमारे १२ अश्वशक्ती, क्रँकशाफ्ट पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला. आमच्या मते ही अर्धी विमानविद्या झाली. अर्धी म्हणणे जास्त वाटत असेल, तर इंजिन काढून उडून पाहावे. उड्डाणाच्या दिवशी टेलरही तिथे नव्हता, तो डेटनमध्ये होता. म्हातारपणी, १९५५ मध्ये, एका पत्रकाराला तो लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक रुग्णालयात, धर्मादाय वॉर्डात सापडला. विमान कंपन्यांनी मग वर्गणी काढून त्याला बऱ्या जागी हलवले. ३० जानेवारी १९५६ रोजी तो वारला. त्याचे नाव अमेरिकेतल्या कोणत्याच राज्याच्या नंबरप्लेटवर नाही.