सामानाची समीक्षा

सायकलप्रवासाच्या सामानाविषयी परीक्षण म्हणून जे लिहिले जाते, ते वाचताना आम्हांला पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकुराची आठवण होते. वजन किती ग्रॅम, शिवण कशी, रंग कोणते. वस्तू जुनी झाल्यावर तिचे काय झाले, हे त्यात नसते. लिहिणाऱ्याने ती बहुधा नुकतीच खोक्यातून काढलेली असते. (आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. पुस्तक नुसते चाळून अभिप्राय देण्याचे पाप आमच्याही हातून घडले आहे. असो.)

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलीवर गेलो. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ येथे सायकली फेरीबोटीत चढवून खाड्या ओलांडल्या. नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून जातो, म्हणून सपाट भासतो. प्रत्यक्षात खाडीकाठापासून जांभ्याच्या सड्यावर चढायचे आणि पलीकडे तितकेच उतरायचे, असे दिवसातून कैकदा. दुकानात बोटाने दाबून पसंत केलेली मऊ, गुबगुबीत सीट तिसऱ्या दिवशी असह्य झाली; जुनी टणक सीट मात्र निमूटपणे शेवटपर्यंत चालली. साखळीला खाऱ्या हवेने दोन रात्रींत तांबेरा धरला. वजनात हलके म्हणून नावाजलेले ॲल्युमिनियमचे कॅरिअर गुहागरच्या अलीकडे तडकले आणि आम्ही ते सुतळीने बांधले. लोखंडी असते तर वाटेतल्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात सांधता आले असते. ॲल्युमिनियमला तिथे कोणी हात लावीना.

पण खरा धडा मिळाला तो पावस सोडल्यावर. दुसऱ्यांदा पंक्चर झाले आणि जवळची शेवटची ट्यूबही संपली. रस्त्याकडेच्या सायकल दुकानातील वयस्क कारागिराने चाक फिरवून पाहिले. "ह्याला आमची ट्यूब बसायची नाय, सर. भोकच बारीक आहे." आमच्या रिमला परदेशी पद्धतीच्या सडपातळ व्हॉल्व्हपुरतेच छिद्र होते. त्याच्याकडील ट्यूब जाड नळीची, आपल्या साध्या सायकलीची. रुंद छिद्रात बारीक व्हॉल्व्ह वॉशर लावून चालवता येतो. उलटे मात्र जमत नाही. हे एवढेसे छिद्र आम्ही वाचलेल्या एकाही परीक्षणात नव्हते. शेवटी त्याने आमचीच जुनी ट्यूब घासून तिला दोन ठिगळे लावली, आमच्याच हातपंपाने हवा भरून घेतली आणि पैसे घेताना संकोचला.

म्हणून आमचे म्हणणे असे, की वस्तू मोडल्यावर ती कोणाच्या हाती सोपवता येईल, हा प्रश्न परीक्षणात पहिला यावा. १९६३ साली आयर्लंडहून सायकलीने दिल्लीपर्यंत आलेल्या डर्व्हला मर्फी यांनी निघण्यापूर्वी सायकलीचे गिअर काढूनच टाकले होते. आशियातील रस्त्यांपुढे ते नाजूक ठरतील, असा त्यांचा कयास. ही आमच्या मते अस्सल समीक्षा. दुकानाच्या नव्हे, रस्त्याच्या निकषावर केलेली.

मात्र 'जितके साधे तितके उत्तम' असा तिचा अर्थ लावणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. बारा किलोंचे ओझे घेऊन सडा चढताना आमचा आधार होता तो पुढच्या २८ आणि मागच्या ३४ दात्यांचा. पायडलच्या पूर्ण फेऱ्यात चाक पुरते एकदाही फिरत नाही. गिअर नसते तर निम्मे कोकण आम्ही सायकल ढकलतच पाहिले असते. शिवाय गिअरची तार तुटली तरी साखळी एकाच चकतीवर ठेवून पुढचे गाव गाठता येते. आम्ही ते जैतापूरच्या चढावर केलेही.

परतल्यावर एकाने आपल्या सायकलीच्या रिमची छिद्रे कानशीने रुंद करून घेतली. दुसऱ्याचा अजून धीर होत नाही; रिम महागाची आहे.